खापर पायलटच्या डोक्यावर

विमान पडलं की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन शब्द ठरलेले असतात - 'मानवी चूक'. आणि हा मानव म्हणजे कोण, तर पायलट. बाकी नकाशा काढणारा, आकडे टाइप करणारा, डेटाबेस बांधणारा, तो तपासून सही ठोकणारा... ही मंडळी बहुधा मानव नसावीत!

आपल्या धंद्यात या प्रकाराला 'यूजर एरर' म्हणतात. आयटीत दोन वर्षं काढलेल्या कुणालाही हा शब्द पाठ असतो. क्लायंटचा फोन येतो, रिपोर्टातले आकडे चुकतायत म्हणून. इकडून पहिलं उत्तर काय? "यूजरने चुकीचं बटण दाबलं असेल." कोड उघडून बघायच्या आधीच! मी ज्या एका कंपनीत होतो तिथे तिकीट बंद करायच्या कारणांची यादी होती. त्यात 'यूजर एरर' सगळ्यात वर, आणि 'आमचा डेटा चुकीचा होता' हे कारण यादीतच नव्हतं. यादीत नाही म्हणजे ते कधी घडलंच नाही. रेकॉर्ड एकदम स्वच्छ!

फरक इतकाच, की आपल्याकडे डेटा चुकला तर बिल चुकतं. विमानात चुकला तर डोंगर आडवा येतो.

हा विषय आज काढायचं कारण म्हणजे आपला रायगड. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुटायला लागली. उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून, खाडीकाठच्या पाणथळीत भराव घालून ही जागा तयार झाली. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग, आग्नेयेला कर्नाळ्याचा सुळका, पश्चिमेला न्हावा-शेव्याच्या क्रेन, आणि हवाई अंतर मोजलं तर पंचविसेक किलोमीटरवर सांताक्रूझचा कायम गजबजलेला जुना विमानतळ. जुलैत भर दुपारी पनवेलहून कर्नाळा दिसतो का, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. अशा हवेत पायलट वाट बघतो ती खिडकीतून नाही. कागदावरून.

तो कागद म्हणजे इन्स्ट्रुमेंट अप्रोच चार्ट. एका पानाचा ऐवज. वरच्या भागात आकाशातून बघितल्यासारखी वाट, खालच्या भागात बाजूने बघितल्यासारखी उतरंड, आणि कुठल्या बिंदूवर किती उंचीच्या खाली यायचं नाही याचे आकडे. आता बहुतेक कॉकपिटांत तो टॅबलेटवर असतो, आणि तीच वाट आकड्यांच्या रूपात विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये भरलेली असते. (त्याला फ्लाइट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. पुढे नुसतं एफएमएस म्हणतो.)

हे आकडे येतात कुठून? सर्व्हेवाला जमिनीवर मोजतो. आपल्याकडे विमानतळ प्राधिकरण ते 'एआयपी' नावाच्या सरकारी ग्रंथात प्रसिद्ध करतं. तिथून जेपसन, लिडो, नॅव्हब्लू अशा कंपन्या ते उचलतात आणि 'एरिंक ४२४' नावाच्या फॉरमॅटमध्ये बसवतात. मग ते एफएमएसच्या खोक्याला कळेल असं पॅक होतं आणि दर २८ दिवसांनी नवी आवृत्ती विमानात लोड होते. या चक्राला 'एअरॅक' म्हणतात. सगळ्या जगाच्या तारखा एकच, आणि वार कायम गुरुवार. (नवी मुंबई सुरू झाली तो २५ डिसेंबरचा गुरुवारही एअरॅकचाच दिवस होता.) आपल्यापैकी किती जणांच्या कंपनीत इतकं शिस्तीचं रिलीज सायकल आहे? हात वर करा!

नियमही कडक. धावपट्टीच्या टोकाचे अक्षांश-रेखांश असल्या नाजूक आकड्यांसाठी आयसीएओची, म्हणजे विमान वाहतुकीच्या जागतिक संघटनेची अपेक्षा अशी, की हाताळताना आकडा बिघडण्याची शक्यता दहा कोटींत एक, याहून जास्त नको. त्यासाठी चेकसम लावतात. ऐकायला झकास. पण मंडळी, चेकसम काय सांगतो ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. जे पाठवलं तेच पोचलं, इतकंच तो सांगतो. जे पाठवलं ते मुळात खरं होतं का, हे कुठलाच चेकसम सांगत नाही. चुकीचा आकडाही अगदी जसाच्या तसा, न बिघडता, वेळेवर पोचतो!

आता चार गोष्टी सांगतो. चारही जुन्या-नव्या रेकॉर्डवरच्या आहेत.

पहिली १९६४ ची. १५ नोव्हेंबरला लास व्हेगसला उतरताना बोनान्झा एअरलाइन्सचं विमान खराब हवेत डोंगराला धडकलं. २९ माणसं गेली. पुढे खटला चालला तो चार्ट बनवणाऱ्या जेपसनवर. चार्टवरचे आकडे बरोबर होते! मग चूक काय? वरचं चित्र १५ मैलांचं आणि खालचं ३ मैलांचं, पण दोन्ही पानावर सारख्याच आकाराचे. म्हणजे प्रमाण पाचपट वेगळं, दिसायला मात्र एकच. घाईत बघणाऱ्याला वाटावं की इथपासूनच खाली यायला हरकत नाही. १९८१ साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने काय म्हटलं, तर चार्ट ही एक बनवून विकलेली वस्तू आहे आणि ती सदोष असू शकते. कुकरचा व्हॉल्व्ह सदोष असतो तशी. नकाशा म्हणजे नुसतं मत नाही, प्रॉडक्ट आहे, हे कायद्याने मान्य केलं.

दुसरी गोष्ट २८ नोव्हेंबर १९७९ ची. एअर न्यूझीलंडचं डीसी-१० पर्यटकांना अंटार्क्टिका दाखवायला निघालं होतं, ते माउंट एरेबसच्या उतारावर आदळलं. २५७ जण गेले. झालं होतं असं, की मार्ग कॉम्प्युटरमध्ये भरताना वर्षभरापूर्वी एका बिंदूचे रेखांश १६६ ऐवजी १६४ अंश पडले होते. या टायपोमुळे वाट डोंगरावरून न जाता शेजारच्या सामुद्रधुनीवरून जात होती. म्हणजे चूक सुरक्षित होती! पायलटांचं ब्रीफिंग झालं ते त्याच वाटेचं. मग उड्डाणाच्या काही तास आधी ऑफिसात कुणीतरी आकडा 'दुरुस्त' केला. त्यांची समजूत, की फरक जेमतेम दोन मैलांचा आहे. प्रत्यक्षात वाट चाळीसेक किलोमीटर सरकली, थेट एरेबसवर. आणि कॉकपिटमधल्यांना कुणी सांगितलंच नाही.

प्रॉडक्शनवर गुपचूप हॉटफिक्स. रिलीज नोट नाही.

पहिल्या सरकारी अहवालात मुख्य खापर पायलटवरच फुटलं. पुढे न्यायमूर्ती पीटर माहोन यांच्या चौकशी आयोगाने १९८१ साली सांगितलं, की अपघाताचं मुख्य कारण म्हणजे कंपनीने न सांगता बदललेले आकडे. (कंपनीने सत्य लपवण्याचा कट केला, या त्यांच्या शेऱ्यावरून वाद वरच्या कोर्टांत गेला आणि तो शेरा टिकला नाही. पण रेखांश गुपचूप बदलले गेले हे कुणी नाकारू शकलं नाही.) न्यूझीलंड सरकारने माफी मागितली ती २०१९ मध्ये. चाळीस वर्षांनी!

तिसरी गोष्ट २० डिसेंबर १९९५ ची, कोलंबियातल्या काली शहराजवळची. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७. चार्टवर 'रोझो' नावाच्या रेडिओ बीकनची खूण 'आर' अशी छापलेली. पायलटांनी एफएमएसमध्ये 'आर' टाइप केलं आणि यादीतला पहिला पर्याय घेतला. पण डेटाबेसमध्ये 'आर' म्हणजे पार बोगोटाजवळचा 'रोमिओ'! रोझो हवा असेल तर अख्खं नाव टाइप करायचं, असा डेटाबेसचा हिशेब. रात्रीच्या अंधारात विमान डावीकडे वळलं आणि डोंगरात गेलं. १६३ पैकी १५९ जण गेले. अधिकृत अहवालात दोष पायलटांचा, आणि त्यांच्या चुका झाल्याही होत्या. विमान कुठे आहे याचं भान सुटलं होतं, तरी ते खाली आणत राहिले. पण २००० साली अमेरिकेतल्या ज्यूरीने जबाबदारी वाटली ती अशी : विमान कंपनी ७५ टक्के, डेटाबेस बनवणारी जेपसन १७ टक्के, एफएमएस बनवणारी हनीवेल ८ टक्के. एकाच बिंदूला कागदावर एक नाव आणि मशीनमध्ये दुसरं, हा यूजर एरर नाही राव. हा बग आहे.

"ते जुनं झालं हो, आता असं होत नाही." असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी चौथी गोष्ट. २८ ऑगस्ट २०२३, ब्रिटन. लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाचा फ्लाइट प्लॅन ब्रिटनच्या हवाई नियंत्रण कॉम्प्युटरकडे आला. त्यात 'डीव्हीएल' नावाचे दोन बिंदू. एक फ्रान्समधलं दोव्हिल, दुसरा अमेरिकेतला डेव्हिल्स लेक. कॉम्प्युटरला ते कोडं सुटेना, त्याने मान टाकली. बॅकअप सिस्टिम पुढे आली, तिच्यात तेच सॉफ्टवेअर, तिनेही काही सेकंदांत मान टाकली. सात लाखांहून जास्त प्रवाशांची वाट लागली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. १९९५ चा 'आर' आणि २०२३ चा 'डीव्हीएल', मध्ये अठ्ठावीस वर्षं. रोग तोच, एका नावाचे दोन धनी.

आणि आपल्या घरचं? आपल्या घरी तर ही परंपरा जुनी आहे. १५ जुलै १९५३ ला बीओएसीचं कॉमेट सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ पण तसंच जुहूला उतरलं, धावपट्टी संपली तरी थांबेना, आणि भंगारात गेलं. दोन्ही विमानतळांत अंतर चारेक किलोमीटर. दोन्हीकडे जवळपास एकाच दिशेच्या धावपट्ट्या, जुहूची ०८/२६ आणि सांताक्रूझची ०९/२७. पायलट चुकले, मान्य. पण तीच चूक त्याच जागी एकोणीस वर्षांनी दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या देशाच्या पायलटने केली. एकच यूजर एरर दोनदा झाला, की तो यूजरचा राहत नाही, डिझाइनचा होतो. आणि नवी मुंबईच्या धावपट्टीचा आकडा काय आहे माहितीये? ०८/२६. आता मुंबईच्या भोवती याच आकड्यांच्या जोडीचे दोन विमानतळ आहेत. नवी मुंबई आणि जुहू यांत कुणी गोंधळेल असं मी म्हणत नाही. पण नावांची आणि आकड्यांची अशी टक्कर कुठेतरी नोंदली जायला हवी की नाही?

एक गोष्ट मी प्रामाणिकपणे बाजूला काढून ठेवतो. ७ जुलै १९६२ ला अलितालियाचं डीसी-८ मुंबईला येताना जुन्नरच्या डोंगरात आदळलं, ९४ जण गेले. चौकशीत निघालं ते असं, की आपण मुंबईच्या जवळ पोचलो असं पायलटला वाटलं, स्थान ताडून बघायच्या सोयी हाताशी होत्या त्या वापरल्या नाहीत, आणि ठरलेल्या किमान उंचीच्या खाली विमान आणलं. इथे आकडा कागदावर बरोबर होता आणि तो पाळला गेला नाही. तेव्हा पायलट चुकतच नाहीत, असला भाबडेपणा मी करत नाहीये. माझं म्हणणं एवढंच, की पायलट चुकला हे डेटा तपासून झाल्यावर म्हणा. त्याच्या आधी नाही.

आता मुद्द्यावर येतो. एआयपीत दुरुस्ती येते तेव्हा बदललेल्या मजकुराशेजारी खूण असते. चांगली सोय आहे. पण ती खूण काय सांगते? 'इथे बदल झालाय.' बस्स. बदल दोन प्रकारचे असतात. एक, जग बदललं. नवीन टॉवर उभा राहिला, धावपट्टी लांब झाली, बीकन बंद पडला. दुसरा, जग होतं तिथेच आहे, आम्हीच चुकलो होतो. टायपो होता, उंची फुटात होती ती मीटर समजली, नकाशाचा डेटम भलताच होता. (हे शेवटचं थट्टेवारी नेऊ नका. देशोदेशीचे जुने डेटम वेगवेगळे असल्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश शेकडो मीटरपर्यंत सरकत. म्हणून तर आयसीएओने १९९८ पासून सगळ्यांना डब्ल्यूजीएस-८४ सक्तीचं केलं.) कागदावर या दोन्ही बदलांची खूण एकच! 'जग बदललं' आणि 'आम्ही चुकलो' यांतला फरक पुसला, की चुकांचा इतिहासच पुसला जातो. किती चुका झाल्या, किती दिवस त्या विमानांत फिरल्या, कुणाच्या लक्षात आल्या, काही कळायला मार्ग नाही. नोटॅमचं तेच. मुदत संपली की नोटॅम गेला.

गिटमध्ये कमिट मेसेजच्या जागी नुसतं 'बदल केला' लिहून पाठवा, आणि लीड काय म्हणतो ते बघा.

आणि डेटा नीट सांभाळणं माणसाला जमतच नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याला मांडव्याच्या बोटीत बसवून अलिबागला धाडा. पण किल्ला आणि बीच सोडून चुंबकीय वेधशाळेकडे बघायला सांगा. ही वेधशाळा तिथे का आहे? मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विसावं शतक उजाडता उजाडता मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने मोजमापं बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक होते नानाभाई मूस. 'आकडे वापरणाऱ्याने जपून वापरावेत' अशी तळटीप टाकून हात झटकता आले असते. त्यांनी काय केलं? वेधशाळाच उचलून सुमारे तीस किलोमीटरवर अलिबागला नेली. इमारती बांधताना चुंबकाला भुलवणारं लोखंड टाळलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जुन्या आकड्यांचा नव्याशी सांधा जुळला, मगच कुलाब्याचं काम थांबवलं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती त्यानंतर, १९०७ मध्ये. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे दोन खंड छापून सगळ्यांसमोर ठेवले.

पॅरलल रन, मायग्रेशन, सगळा डेटा खुला. तोही ना ईमेल, ना एक्सेल, हाताने आकडे लिहून!

याचा विमानाशी संबंध काय म्हणाल, तर थेट आहे. धावपट्टीचा ०८ म्हणजे चुंबकीय उत्तरेपासून साधारण ८० अंश. चुंबकीय उत्तर सरकत असते, म्हणून चार्टवरच्या दिशा आणि कधी कधी धावपट्टीचं नावसुद्धा बदलावं लागतं. लंडनजवळच्या स्टॅनस्टेडला २००९ मध्ये बदलावं लागलं, अमेरिकेत टॅम्पाला २०११ मध्ये. आपल्या किनाऱ्यावर खरी आणि चुंबकीय उत्तर यांत फरक एका अंशाच्याही आत, म्हणून आपल्याला हे दुखणं जाणवत नाही. पण तो फरक किती, हे सांगणारी अलिबागची नोंद शंभरावर वर्षं चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे नवीन पनवेलला. नव्या विमानतळाच्या अगदी शेजारी! आदर्श शोधायला परदेशात जायला नको. तो रायगडातच आहे.

आता नेहमीचे आक्षेप.

"चुका जाहीर केल्या तर प्रवासी घाबरतील." सॉफ्टवेअरवाल्यांनीही हेच म्हणून बघितलं होतं. सिक्युरिटीतली भोकं लपवा, नाहीतर लोक घाबरतील. आज सीव्हीईची यादी जगजाहीर असते, आणि जी कंपनी आपले बग कबूल करत नाही तिच्यावरच आपण जास्त संशय घेतो. प्रवासी घाबरतो ते काही लपवलंय हे कळल्यावर.

"आता मशीनच सांभाळून घेतं. जमीन जवळ आली की इशारा मिळतो." मशीनलाही खरी माहितीच लागते हो. २३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर कंट्रोलरने हवेच्या दाबाचा आकडा १००१ ऐवजी १०११ सांगितला. एका अंकाचा फरक. त्यामुळे विमानाचं अल्टिमीटर २८० फूट जास्त उंची दाखवत राहिलं. ढगांतून, पावसातून येणारं ते एअरबस धावपट्टीच्या दीडेक किलोमीटर अलीकडे जमिनीपासून फक्त ६ फुटांवर आलं होतं. सहा फूट! माणसाची उंची. कॉकपिटमध्ये जमिनीचा इशारा वाजलाच नाही. पायलटांनी पुन्हा वर जायचा निर्णय घेतला म्हणून वाचले. उलट मशीन जितकं अचूक, तितकं डेटाचं ओझं जास्त. पूर्वी दहा विमानं दहा वाटांनी यायची. आता दहाच्या दहा त्याच रेषेवरून, काही मीटरांच्या फरकाने. रेष चुकली असेल तर दहाही चुकणार. एकदम शिस्तीत.

"जीपीएस आहे ना?" नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला उतरणाऱ्या विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळाले, आणि डिसेंबरमध्ये सरकारने संसदेत तसं सांगितलं. मुंबईसकट इतरही मोठ्या विमानतळांवरून अशा नोंदी आल्याचं त्याच उत्तरात होतं. पण या प्रकरणात डीजीसीएने एक काम चांगलं केलं. असा प्रकार दिसला की दहा मिनिटांत कळवा, असा आदेश काढला. म्हणजे इच्छा असली की होतं! बाहेरच्या कुणी खोटा सिग्नल पाठवला तर दहा मिनिटांत नोंद. मग आपल्याच ग्रंथात खोटा आकडा छापला गेला, तर त्याची नोंद का नको?

माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि तिन्ही फुकटात होण्यासारख्या आहेत.

एक. प्राधिकरणाने एआयपीबरोबर चुकांची जाहीर नोंदवही ठेवावी. दुरुस्ती 'जग बदललं' म्हणून की 'आम्ही चुकलो' म्हणून, हे स्पष्ट लिहावं. चुकीचा आकडा कुठल्या चक्रापासून कुठल्या चक्रापर्यंत विमानांत होता आणि तो कुणाच्या लक्षात आला, सर्व्हेवाल्याच्या, डेटाबेस कंपनीच्या की पायलटच्या, हेही लिहावं. कुणाला फासावर चढवायला नाही. कुठे गळतंय हे कळायला.

दोन. गुपचूप दुरुस्ती बंद. एरेबसचा धडा हाच आहे, की न सांगता केलेली दुरुस्ती मूळ चुकीपेक्षा घातक असू शकते. आधीचा आकडा, नवा आकडा आणि जमिनीवर पडणारा फरक मीटरमध्ये, तिन्ही शेजारी शेजारी छापा. 'फरक दोन मैलांचा' असं समजणाऱ्याला चाळीस किलोमीटरचा आकडा डोळ्यांनी दिसला असता, तर त्याचा हात थांबला नसता का?

तीन. अपघाताच्या अहवालात पायलटबद्दलच्या निष्कर्षाआधी एक सक्तीचं प्रकरण असावं - त्या दिवशीचा डेटा. चार्ट, एफएमएसचा डेटाबेस आणि मूळ सर्व्हे, तिन्ही ताडून. ते स्वच्छ निघालं तर खुशाल लिहा की पायलट चुकला. १९६२ चं जुन्नर प्रकरण त्या चाळणीतूनही तसंच बाहेर आलं असतं. पण कालीतलं खापर आधीच वाटलं गेलं असतं, पाच वर्षं ज्यूरीची वाट बघावी लागली नसती.

यातली अवघड गोष्ट पैसा नाही, तंत्रज्ञान तर नाहीच नाही. अवघड आहे ते 'आम्ही चुकलो होतो' हे वाक्य छापणं. सरकारी खात्याला अवघड, खाजगी कंपनीला त्याहून अवघड, कारण तिच्यामागे वकील असतात. मेलेल्या पायलटचा मात्र वकील नसतो. खापर कुणाच्या डोक्यावर फुटतं याचं उत्तर बहुतेक वेळा इतकं साधं असतं.

तेव्हा मंडळी, आपण काय करायचं? आपण सगळे त्या विमानांत बसणार आहोत. शुक्रवारच्या संध्याकाळी अटल सेतूवरून सुसाट उलव्याला पोचून, लॅपटॉपची बॅग वरच्या कप्प्यात कोंबून. भारताचा एआयपी प्राधिकरणाच्या साइटवर सगळ्यांना बघायला खुला आहे. कधीतरी उघडून बघा. आपल्यातले कित्येक जण दिवसभर डेटा क्वालिटीवरच पोट भरतात. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून फरक काढणारी स्क्रिप्ट लिहायला किती वेळ लागतो? काही खटकलं तर कळवा, आणि कळवल्याची पोच मागा. आणि पुढच्या वेळी बातमीत 'मानवी चूक' वाचाल, तेव्हा पुढचा प्रश्न विचारायला विसरू नका.

कुठला मानव?